हनुवटी आणि कॅलेंडर

मिरज,
रविवार

चि. सायली हिस,


परवा बारशाला तू आलीस, पण जेवतानाही हनुवटीवरची ओढणी खाली केली नाहीस. पंगतीत दोघींनी विचारलं, ‘दाढ दुखतेय का गं?’ तू नुसती मान हलवलीस. तीस वर्षं प्रसूती विभागात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला एवढंही कळलं नाही, तर ती नोकरी फुकटच म्हणायची. रात्री वहिनीशी बोलले. ती म्हणाली, दर आठ दिवसांनी थ्रेडिंग चाललंय, पार्लरवालीने ‘हार्मोनचा प्रॉब्लेम’ म्हणून कसलंसं फेशियल सुचवलंय, आणि लग्न झालं की होईल सगळं नीट. आईवर रागावू नकोस, तिला जे सांगितलं गेलं तेच ती सांगते. मलाही एकविसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी हाच सल्ला दिला होता. मी लग्न केलं. केस होते तिथेच राहिले.

तर आधी एक काम कर. या पत्राच्या पाठीमागे गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून काढ. तुझी पाळी सातवीत सुरू झाली, म्हणजे सहा वर्षं होऊन गेली. पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतं, ते चालतं. पण आता दोन पाळ्यांमधलं अंतर वारंवार 35 दिवसांच्या वर जात असेल, किंवा वर्षाला आठ पाळ्याही भरत नसतील, तर केसांचं मूळ हनुवटीच्या बरंच खाली, ओटीपोटात आहे असं समज. पार्लरवाली तुला हे विचारणार नाही.

टेस्टोस्टेरॉनला उगाच पुरुषांचं हार्मोन म्हणतात. प्रत्येक बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत असली हार्मोन्स थोडी तयार होतात. इस्ट्रोजेनसुद्धा त्यांच्यातूनच बनतं. त्यांचं प्रमाण वाढलं की ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली जिथे मऊ लव असते तिथे जाड काळा केस उगवतो. हातापायांवरची दाट लव वेगळी, ती तर आपल्या घरात आजीपासून सगळ्यांना आहे. फेरीमन आणि गॅलवे यांनी 1961 साली केसांना गुण देण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात अकरा जागा होत्या. पुढे त्यातून कोपराखालचा हात आणि पोटऱ्या वगळल्या, कारण तिथल्या केसांवरून हार्मोनचा अंदाज येत नाही. तेव्हा हातांसाठी जी रडारड चालते ती आजपासून बंद.

आता मानेबद्दल. तुझ्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आलाय आणि वहिनी तो लिंबाने घासते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अगं, तो मळ नाही. आबांना मधुमेह होता, तुझ्या बाबांना चाळिशीतच निघाला. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि त्याची खूण अशी मानेवर, काखेत उमटते. हेच जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला चिथावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही यामुळे घटतं. मग मोकाट सुटलेलं टेस्टोस्टेरॉन केसांच्या मुळाशी पोचतं. हनुवटी, पाळी, मान आणि आबांची साखर, सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं. मला हे शिकायला नोकरीची दहा वर्षं लागली.

याला सगळे पीसीओडी म्हणतात. बायकांच्या जादा केसांमागे बहुतेक वेळा हेच निघतं. ‘अंडाशयात गाठी आहेत’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांडांच्या बारीक पिशव्या असतात. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची हकीकत छापली, तेव्हा अंडाशयाची पाचर कापून काढत. आता तसं करत नाहीत. आणि नुसत्या सोनोग्राफीवरून कुणी शिक्का मारला तर तो मानू नकोस. तुझ्या वयात धडधाकट मुलींच्या अंडाशयातही अशा पुष्कळ पिशव्या दिसतात. त्यापेक्षा रक्त तपासू दे. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, आणि सकाळी लवकर घेतलेलं 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. हे शेवटचं अधिवृक्क ग्रंथीतल्या एका जन्मजात दोषासाठी, तो हुबेहूब पीसीओडीचं सोंग घेतो. सगळं नॉर्मल आलं आणि पाळीही वेळच्या वेळी असेल, तर केसांची मुळंच जरा हळवी आहेत एवढाच अर्थ. तसंही असतं, आणि त्यावरही उपाय आहे.

केस दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस मागे हटले, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. क्वचित अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत ट्यूमर असतो. तुझं तसं दिसत नाही, तुझं चार वर्षं हळूहळू चाललंय. आणि मैत्रिणीने दिलेली ती गोरेपणाची ट्यूब आधी फेकून दे. असल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं, आणि त्यानेही तोंडावर केस येतात.

डॉक्टर बहुधा गर्भनिरोधक गोळ्या देतील. वहिनी कपाळाला हात लावेल, ‘लग्नाआधी या गोळ्या?’ तिला मी बघते. त्या गोळ्यांनी अंडाशयातलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि ते बांधणारं प्रथिन वाढतं, म्हणून देतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येत असतील तर मात्र तसं आधी सांग, मग त्या चालत नाहीत. गरज पडली तर पुढे स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत. फरक दिसायला निदान सहा महिने लागतात, कारण आज दिसणारा केस कधीच उगवून बसलेला आहे. दोन महिन्यांत गोळ्या सोडून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मुली मी शेकड्याने पाहिल्यात.

वजनाचं लांबण लावत नाही. पाच टक्के उतरलं तरी पाळीला फरक पडतो, म्हणजे तुझे साडेतीन किलो. मेसमधली साखर घातलेली कॉफी दिवसातून चारदा लागते का, ते तूच बघ.

तोवर केस काढायला माझी ना नाही. रेझर वापरलास तरी चालेल. त्याने केस राठ होत नाहीत, मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी 1928 सालीच ते मोजून दाखवलंय. कापलेलं टोक बोथट लागतं एवढंच. लेझर करायचं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि आपल्या सावळ्या रंगाला कुठलं यंत्र चालतं ते विचारून. त्याआधी काही आठवडे थ्रेडिंग बंद ठेवावं लागतं, कारण लेझरला मूळ जागेवर हवं. गालावरच्या बारीक लवेवर मात्र लेझर मारू देऊ नकोस, कधी कधी ती उलट वाढते.

2024 साली उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, तर लोकांनी तिचे गुण सोडून ओठावरचे केस मोजले. तो प्रकार वाचला तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. तू अंगाने वाळत चाललेली नाहीस, पण बोलायची कमी झालीस. तेही डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही.

पाळी आली की त्याच दिवशी मला फोन कर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊ, मी रात्रीच्या एसटीने पोचते. महिनाभरात आलीच नाही तरी फोन कर.

तुझी,
आत्या

ता. क. पाळी गेल्यापासून माझ्याही हनुवटीवर तीन केस उगवलेत. चिमटा पर्समध्येच असतो. पण तो मागू नकोस, मी कुणाला देत नाही.