मोजक्या संख्येची मोटारसायकल व तिच्या पैशाची तजवीज

खडकीच्या उपबाजारांत भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरीं अलीकडे एक नवा प्रश्न निघूं लागला आहे. घरांतील तरुणास मोटारसायकल पाहिजे असते, आणि तीहि साधी चालत नाहीं; कंपनीनें मोजक्याच संख्येनें काढलेली व टाकीवर अनुक्रमांक घातलेली पाहिजे असते. हौसेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु अडीच-पावणेतीन लाखांची वस्तु शेतीच्या जमाखर्चांत बसवावयाची, तर तिचा अदमास आधीं कागदावर उतरला पाहिजे.

खडकी ही लष्कराची छावणी. बॉम्बे सॅपर्सचें केंद्र येथेंच असल्यामुळें लष्करी गाड्यांचें आकर्षण इकडील मुलांस लहानपणापासूनच असतें. बुलेट गाडीचें व लष्कराचें नातेंहि जुनें. हिंदी लष्करास त्या गाड्या पुरविण्याच्या निमित्तानेंच १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली. याच कंपनीनें, म्हणजे आतांच्या रॉयल एन्फील्डनें, २०१८ सालीं ‘पेगॅसस’ नांवाची गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून हवाई छत्रीनें खालीं सोडीत असत त्या १२५ घनसेंटिमीटरच्या लहान गाडीचें हें स्मारक. सबंध जगासाठीं १,००० गाड्या, पैकीं हिंदुस्थानास २५०. ऑलिव्ह हिरवा रंग आपल्या मोटार वाहन नियमांनीं लष्करासाठीं राखून ठेविला आहे. म्हणून येथील गिऱ्हाइकास ती तपकिरी रंगांतच मिळाली. किंमत आपल्या प्रांतांत रस्त्यावर येईपर्यंत सुमारें अडीच लाख. २५ जुलै २०१८ रोजीं कंपनीच्या संकेतस्थळावर विक्री सुरू झाली व १७८ सेकंदांत सर्व २५० गाड्या संपल्या.

वाचकांनीं त्या तारखेकडे लक्ष द्यावें. जुलैअखेर म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत सर्वांत ओढीचे दिवस. बीं, खत, पेरणीची मजुरी यांत पैसा गेलेला असतो व नवें पीक अजून गुडघाभरहि नसतें. शहरांतील नोकरदारास जुलै व जानेवारी सारखेच. त्यास दरमहा पगार आहे. आपला पैसा मात्र कांदा, ऊस किंवा गहूं निघेल तेव्हां येतो, आणि अशा गाडीची विक्री आपलें पीक निघण्याची वाट पाहत नाहीं. यास्तव रक्कम विक्रीच्या दिवसाआधींच तयार असावी लागते. तीन मिनिटांत सावकार भेटत नाहीं. भेटला तरी तो भेटूं नये.

एक नमुन्याचें अंदाजपत्रक येथें देतों. समजा, ३४९ घनसेंटिमीटरच्या गाडीची दुकानांतील किंमत २,२०,००० रुपये आहे. महाराष्ट्रांत ३०० व त्यावरील घनसेंटिमीटरच्या दुचाकीस वाहनकर शेंकडा १२ धरला, तर २६,४०० रुपये होतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तृतीयपक्षी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ सालीं ठरलेल्या दरानें तो या वर्गास ७,३६५ रुपये, वर कर वेगळा. स्वतःच्या नुकसानीचा विमा, नोंदणी, दोन शिरस्त्राणें व किरकोळ मिळून १६,००० रुपये धरावे. एकंदर बेरीज २,७०,००० रुपयांच्या आसपास जाते. यंत्र ३५० च्या वर गेलें तर हिशेब सर्वस्वीं बदलतो. तोच विमा १५,११७ रुपये होतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कर ३५० पर्यंत शेंकडा १८ असून त्यापुढें शेंकडा ४० आहे. जाहिरातींत हे आंकडे फार बारीक अक्षरांत असतात.

ही रक्कम दोन वर्षांत, म्हणजे चार हंगामांत, जमवावयाची तर दर हंगामीं ६७,५०० रुपये बाजूस पडले पाहिजेत. अडत्याची पट्टी हातीं पडतांच हमाली, तोलाई, गाडीभाडें वजा जातां जें उरतें, त्यांतून पुढील हंगामाचें बीं-खत व घरखर्च आधीं काढावा आणि मग गाडीचा वांटा निराळ्या खात्यांत भरावा. ज्यांच्या घरीं दुभतें आहे त्यांस दर दहा दिवसांनीं दुधाचें बिल मिळतें. त्यांनीं थोडी रक्कम हप्त्यानें घेतल्यास चालण्यासारखें आहे. दीड लाख रुपये शेंकडा १२ व्याजानें तीन वर्षांसाठीं काढले, तर दरमहा सुमारें ४,९८० रुपये पडतात व व्याजाचे एकंदर २९,००० हून अधिक जातात. केवळ पिकावर भिस्त असणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये.

पीककर्जाविषयीं तर आम्हांस अधिक निक्षून सांगावयाचें आहे, कारण गांवोगांवच्या सातबाऱ्यांवरील ‘इतर हक्कां’त चढलेले बोजे लिहिण्यांतच आमचा जन्म गेला. २०२१ च्या खरिपापासून तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास शेतकऱ्यास व्याज पडत नाहीं. ही मोठीच सवलत आहे, आणि त्यामुळेंच तो पैसा फुकटचा वाटूं लागतो. खरिपाचें कर्ज ३१ मार्चच्या आंत फिरलें नाहीं कीं सवलत जाते, सोसायटीच्या यादींत नांव थकबाकींत चढतें व पुढील हंगामाचें कर्ज अडतें. गाडी अंगणांत चकाकत असते आणि पेरणीस पैसे नसतात.

मोजकी संख्या म्हणजे उत्तम यंत्र असेंहि कोणी समजूं नये. पेगॅससचें यंत्र नेहमींच्या क्लासिक ५०० चेंच होतें. निराळे होते ते रंग, कापडी पिशव्या व टाकीवरील आंकडा. त्यांत चाकें अडकून घसरूं न देणारी एबीएस ब्रेकची योजना नव्हती, आणि ऑगस्ट २०१८ अखेर त्याच कंपनीनें ती योजना असलेली, तुलनेनें स्वस्त ‘सिग्नल्स’ गाडी बाजारांत आणली. ग्राहकांचा संताप झाला तो साहजिकच. पुढें २०२० सालीं ५०० चें यंत्रच हिंदुस्थानांत बंद झालें. जावा कंपनीनें ऑक्टोबर २०१९ मध्यें ९० वर्षांच्या स्मरणार्थ ९० च गाड्या काढल्या व त्या सोडतीनें वांटल्या. तेथें तयार पैसाहि पुरेसा नव्हता, नशीबहि लागलें.

शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. एकत्र कुटुंबांत गाडी कोणाच्या नांवें नोंदावयाची तें पैसे भरण्यापूर्वींच ठरवावें. एका भावाच्या नांवें व सर्वांच्या पट्टींतून, यांतून पुढें वांटणीच्या वेळीं कज्जे उद्भवतात. दुसरें असें कीं, विशेष रंगाची टाकी फुटल्यास ती मिळेल काय व किती रुपयांस, हें दुकानदाराकडून लेखी घ्यावें. विमा कंपनी गाडीचें मोल कंपनीच्या छापील किंमतींतून घसारा वजा करून धरते. सहा महिन्यांनंतर शेंकडा १५, वर्ष उलटल्यावर शेंकडा २० असा तो घसारा आहे. टाकीवर कोणता आंकडा आहे हें तेथें कोणी विचारीत नाहीं.