वृद्धाश्रमातून रुग्णालयात आणि परत : पाठवणीतील वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वृद्धाश्रमातील रुग्ण रुग्णालयात दाखल होतो तेव्हा या चारांपैकी तीन पाद एका रात्रीत बदलतात. भिषक् बदलतो, द्रव्य बदलते, उपस्थाताही बदलतो. रोगी तेवढा तोच राहतो, आणि तो बहुधा स्वतःविषयी सांगण्याच्या स्थितीत नसतो. वृद्धाश्रमात नियमित रुग्णतपासणीस जाणाऱ्या वैद्यांची संख्या आज पुष्कळ आहे. मात्र रुग्णवाहिका दाराबाहेर पडली की आपले काम संपले, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. आमचीही तशीच होती. ती कशी चुकीची ठरली हे एका रुग्णवृत्ताच्या आधारे मांडत आहोत.

एका वृद्धाश्रमातील ७९ वर्षांच्या आजींना हृद्दौर्बल्य होते. हृद्रोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने फ्युरोसेमाइड व डिगॉक्सिन ही औषधे चालू होती. शुष्क कास व कंठदाह यांसाठी आम्ही यष्टीमधु चूर्ण ३ ग्रॅम दिवसातून दोन वेळा, मधातून, पंधरा दिवसांसाठी सांगितले. उपशय मिळाला. पंधरा दिवसांनी बंद करावे असे आम्ही तोंडी सांगितले होते, कागदावर लिहिले नव्हते. सांभाळणाऱ्या मावशींनी चूर्ण संपले की नवे आणवले. आजींना बरे वाटते आहे, मग बंद कशाला, हा त्यांचा विचार प्रेमापोटीच होता. असे अडीच महिने चालले.

पुढे आजींना अरुची, छर्दी व अतिशय थकवा सुरू झाला. नाडी विषम लागू लागली. एका रात्री त्यांना रुग्णालयात हलविण्यात आले. सोबत होती ती दोन वर्षांपूर्वीची फाईल. रक्तातील पोटॅशियम फार कमी आढळले. तेथील वैद्यकांनी ते भरून काढले, डिगॉक्सिन काही दिवस थांबवून अर्ध्या मात्रेत पुन्हा सुरू केले आणि शनिवारी सायंकाळी आजींना घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर यष्टीमधूचा उल्लेख नव्हता. असणार कसा? ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आश्रमात परतल्यावर मावशींनी डब्यातील जुन्या पट्टीतून डिगॉक्सिनची पूर्वीसारखी अख्खी गोळी दिली आणि चूर्णही पूर्ववत सुरू केले. बाराव्या दिवशी आजी पुन्हा त्याच रुग्णालयात दाखल झाल्या. या वेळी तेथील तरुण डॉक्टरांनी आम्हाला दूरध्वनी करून विचारले, “आजींना आणखी काही चालू आहे का?” त्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला जी लाज वाटली, ती आजही विसरलेलो नाही.

यष्टीमधूतील ग्लिसरायझिनमुळे वृक्कांमध्ये सोडियम व जल धरून ठेवले जाते आणि पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते. फ्युरोसेमाइडही पोटॅशियम घालवतेच. पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनची विषलक्षणे नेहमीच्या मात्रेतही प्रकट होऊ शकतात. म्हणजे छर्दी व विषम नाडी ही केवळ हृद्रोगाची वाढ नव्हती. आम्ही दिलेल्या द्रव्याचा त्यात वाटा होता. यष्टीमधु निर्दोष मानून आपण किती सहज देतो! एलादि वटीसारख्या कल्पांतही ते असतेच. सर्पगंधेतील रेसर्पिन रक्तदाब उतरवते; रुग्णालयात रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि सर्पगंधा घनवटीची कोणास वार्ता नसली, तर उठताना भोवळ येऊन वृद्ध पडण्याची भीती असते. आसव-अरिष्टांतील गूळ व स्वयंजनित मद्य मधुमेही रुग्णाच्या बाबतीत कळविलेच पाहिजे. ‘आयुर्वेदिक औषधे चालू’ एवढ्या तीन शब्दांनी रुग्णालयातील वैद्यकाला काहीही बोध होत नाही. कल्पाचे नाव, मुख्य घटकद्रव्ये, रसकल्प असल्यास त्यातील धातू, मात्रा, काल आणि शेवटचा डोस केव्हा दिला, हे देवनागरीत व शक्य असल्यास इंग्रजीतही लिहावे. हसे होईल या भीतीने आपले औषध लपविणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. ही भीती रुग्णाला महाग पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारी हानी टाळण्यासाठी जी जागतिक मोहीम जाहीर केली, तिच्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारे रुग्णाचे स्थलांतर हा अग्रक्रमाच्या तीन विषयांपैकी एक आहे. लंडनच्या दक्षिणेकडील सटन येथे २०१५ मध्ये वृद्धनिवासांसाठी लाल पिशवीची पद्धत सुरू झाली. निवासी व्यक्ती रुग्णालयात जाताना तिच्या आरोग्याची ठरावीक नमुन्यातील माहिती, चालू औषधे, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि घरी परतण्याच्या दिवसाचे कपडे त्या पिशवीतून जातात. परतताना त्याच पिशवीतून डिस्चार्जचे कागद येतात. पुढे ती इंग्लंडमध्ये अन्यत्रही स्वीकारली गेली. पिशवीच्या रंगाला महत्त्व नाही. ती परत येते, याला आहे.

आपल्याकडे यासाठी फारसा खर्च लागत नाही. वरील घटनेनंतर आम्ही त्या आश्रमात प्रत्येक निवाशाचा एकपानी तक्ता करून घेतला व तो कापडी पिशवीत घालून खोलीच्या दारामागे टांगला. व्याधी व औषधे यांखेरीज तक्त्यात एक गोष्ट आम्ही आग्रहाने लिहवून घेतो, ती म्हणजे रुग्णाची नेहमीची अवस्था. आजी एरवी स्वतः चालतात का, माणसे ओळखतात का, घास कोणत्या स्वरूपाचा लागतो, ऐकू कोणत्या कानाने येते. हे ठाऊक नसल्यास रुग्णालयात सुरू झालेला प्रलाप हा वार्धक्यातील जुनाच स्मृतिभ्रंश समजला जातो आणि त्याचे कारण शोधले जात नाही. चष्मा व श्रवणयंत्र घरी राहिले, तर अनोळखी खोलीत वृद्धाचा गोंधळ अधिकच वाढतो. पाठीवर व टाचांवर शय्याव्रण आहे की नाही, हेही निघतानाच पाहून लिहावे. मागाहून तो कोठे झाला याचा वाद उरत नाही. २०१४ पासून चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर पुष्कळदा आपलेच बीएएमएस पदवीधर असतात. त्यांच्या हाती असा तक्ता पडला तर त्यातील कल्पांची नावे तरी त्यांना परकी वाटणार नाहीत.

परतीचा प्रवास आम्हाला जाण्यापेक्षा कठीण वाटतो, कारण तेव्हा सर्वांना सुटल्यासारखे वाटते. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी डब्यात येऊन बसते आणि दोन्ही दिले जाते. मूत्रनलिका घातलेली असते, पण ती केव्हा काढायची हे कार्डावर नसते. म्हणून रुग्ण परतल्यापासून चोवीस तासांत वैद्याने स्वतः जाऊन, जाणे अशक्य असल्यास निदान दूरध्वनीवर, जुना तक्ता व नवे कार्ड ओळीओळीने ताडून पाहावे. बंद केलेल्या औषधाची पट्टी डब्यातून समक्ष काढून घ्यावी. आपली औषधे आपोआप पुन्हा सुरू होऊ देऊ नयेत. प्रत्येकाचा नव्याने विचार करून, बंद करण्याच्या तारखेसह लिहून द्यावे. मावशींना समोर बसवून त्यांच्याकडून ते वदवून घ्यावे. चरकांनी उपस्थात्याच्या गुणांत अनुरागाबरोबर उपचारज्ञताही सांगितली आहे. आमच्या मावशींजवळ अनुराग भरपूर होता. उपचाराचे ज्ञान त्यांना देणे आमच्याकडे होते.

त्या आजी दुसऱ्या खेपेस नऊ दिवसांनी परतल्या. कासासाठी आता त्यांना कोमट पाणी व साधे गंडूष एवढेच चालू आहे, आणि तेही तक्त्यावर लिहिलेले आहे.