विहिरीच्या तोंडावरील धोंड

उत्पत्तीच्या 29 व्या अध्यायाचा पाठ घेताना आपण बहुधा याकोब व राहेल यांच्या भेटीकडे घाईने जातो. त्याआधी विहिरीपाशी जे बोलणे झाले ते सहसा कोणी शिकवीत नाही. या वेळी तेथेच थोडे थांबू. हारानजवळच्या रानात मेंढरांचे तीन कळप विहिरीपाशी बसले आहेत. दिवस अजून बराच आहे. विहिरीच्या तोंडावर मोठी धोंड आहे. याकोब दूरचा प्रवास करून आलेला. तो मेंढपाळांना सांगू लागतो की एवढा दिवस असताना बसून का राहिलात, पाणी पाजा आणि चारायला न्या. त्यांचे उत्तर असे की, सगळे कळप जमल्याखेरीज धोंड लोटता येत नाही.

वर्गातले एखादे चौकस मूल विचारते, "का लोटता येत नाही? जड होती म्हणून?" जड तर होतीच; पण थोड्याच वेळाने याकोबाने ती एकट्याने लोटली. तेव्हा प्रश्न नुसत्या वजनाचा नव्हता. ती त्या पाणवठ्याची रीत असावी, असे आम्हांस वाटते. आधी येणाऱ्याने पाणी संपवू नये आणि मागून येणाऱ्याचे कळप तहानेले राहू नयेत, म्हणून ती धोंड.

अशी रीत आजही चालू आहे असा एक मुलूख आहे. इथिओपियाच्या दक्षिणेस आणि केनियाच्या उत्तरेस निमवाळवंटी पठारावर बोराना नावाचे गुराखी लोक राहतात. त्यांच्या खोल विहिरींना 'तुला' म्हणतात. त्यांचे नऊ समूह प्रसिद्ध आहेत. त्या शेकडो वर्षांपूर्वी हातांनी खणलेल्या असून काही सुमारे शंभर फूट खोल आहेत. गुरांना पाण्याजवळ आणावे म्हणून जमिनीतून उतरता रस्ता कापलेला असतो, आणि त्याच्या शेवटी मातीची लांब डोणी असते. विहिरीत माणसे एकाच्या वर एक अशी उभी राहतात आणि भरलेली भांडी हातोहात वर देतात. ताल चुकू नये म्हणून ती गात असतात, त्यामुळे परदेशी लोक यांना 'गाणाऱ्या विहिरी' म्हणू लागले.

प्रत्येक विहिरीचा कोणी 'कोन्फी' असतो, म्हणजे जिने ती खणली किंवा बुजलेली पुन्हा उकरली त्या घराण्याचा माणूस. पण रोजचा कारभार 'अबा हेरेगा' पाहतो. हेरेगा म्हणजे पाणी पाजण्याची पाळी, आणि अबा म्हणजे बाप. (आपल्या 'आबा'ची आठवण मुलांना होईलच.) कोणाचा कळप केव्हा, गाळ कोणी काढायचा, डोणी कोणी लिंपायची, हे तो ठरवितो. पाण्याला पैसे पडत नाहीत. माणसे मात्र द्यावी लागतात. भर उन्हाळ्यात गुरांना रोज पाणी मिळत नाही, तिसऱ्या दिवशी पाळी येते. मधल्या वेळात कळप दूरच्या गवतावर जाऊन येतो.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊस पडला की या विहिरी बंद ठेवतात. कळप दूर रानात, जेथे पावसाचे पाणी साचले असेल तेथे जातात. म्हातारी माणसे, दुभत्या गाई व वासरे घराजवळ राहतात, आणि भाकड गुरे घेऊन तरुण लांब जातात. या दूरच्या कळपास 'फोरा' म्हणतात. अशा रीतीने विहिरीभोवतीचे गवत कोरड्या महिन्यांसाठी राखले जाते. विहिरीत पाणी आहे पण भोवती गवत नाही, तर ते पाणी गुरांना वाचवू शकत नाही.

हे न कळल्याने काय होते ते पश्चिम आफ्रिकेतील साहेलमध्ये दिसले. तेथे सरकारे व परदेशी मदतगार यांनी चांगल्या हेतूने खोल कूपनलिका खणल्या. बारमाही पाणी, कोणासही मोकळे, पाळी नाही आणि बंद ठेवण्याचा काळही नाही. कळप तेथेच राहू लागले. 1968 ते 1973 च्या दुष्काळात त्या कूपनलिकांभोवती मैलोन् मैल गवताची काडी उरली नाही. गुरे पाण्याजवळ मेली, तहानेने नव्हे, भुकेने. बोराना मुलखातही 1970 नंतर पावसाळी कुरणांत यंत्रांनी मोठी तळी खोदली गेली. पूर्वी काही महिनेच चरली जाणारी ती कुरणे आता वर्षभर चरली जाऊ लागली. त्याच सुमारास गवत जाळण्याच्या जुन्या रिवाजावर सरकारने बंदी घातली, आणि गवताच्या जागी काटेरी झुडपे माजली.

याकोबाने दिलेला सल्ला वाईट नव्हता. तो स्वतः मेंढरे राखणाऱ्या घरचाच होता. पण त्या विहिरीची रीत त्याला ठाऊक नव्हती.

आता तर हवामानच बदलले आहे. तेथे पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास. 2020 च्या अखेरीपासून असे पाच हंगाम ओळीने वाया गेले. शास्त्रज्ञांच्या एका गटाने 2023 साली सांगितले की, माणसाने घडविलेल्या तापमानवाढीमुळे असा दुष्काळ पडण्याचा संभव निदान शंभर पटींनी वाढला आहे. कारण उष्णतेने जमिनीतील ओल फार लवकर उडून जाते. लाखो गुरे मेली. नऊ तुलांपैकी एक असलेल्या दुब्लुक येथे, गुरे गमावलेल्या कुटुंबांची मोठी छावणी पडली. म्हणून जुनी रीत राखली की सगळे ठीक होईल, असे आम्ही म्हणत नाही. पाच हंगाम पाऊस नाही, तर अबा हेरेगा तरी काय करील?

मग अशा लोकांची वस्ती कशी असावी? कूपनलिकेभोवती पक्की घरे बांधून त्यांना एका जागी बसवावे, हा विचार वरून सोपा दिसतो. पण पाऊस जेथे पडेल तेथे जाणे हेच त्या मुलखात जगण्याचे साधन आहे. जे उपाय थोडेफार लागू पडले, त्यांनी हे जाणे-येणे मोडले नाही. मातीच्या डोणीऐवजी सिमेंटची डोणी केली, म्हणजे पाणी मुरत नाही आणि रोज लिंपणेही वाचते. पण विहीर घराण्याची व पाळी अबा हेरेगाचीच राहते. वासरांसाठी कुंपण घालून कुरण राखतात, त्यास 'कालो' म्हणतात. अनेकांनी गाईंबरोबर उंटही पाळले आहेत, कारण उंट झाडपाला खातो आणि बरेच दिवस पाण्यावाचून राहतो. फोराबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षकानेच कळपामागे जाण्याचे प्रयोग केनियाच्या उत्तर भागात झाले आहेत. आपल्या शिक्षकांनी हे वाचून एकदा स्वतःच्या बाकांकडे पाहावे!

पैशाची मदतही वेळेवर पोहोचली तरच उपयोगी. 2006 च्या दुष्काळात मोयाले भागात व्यापाऱ्यांना गुरे मरण्यापूर्वीच खरेदीस उभे केले, आणि सुमारे 20 हजार गुरे विकली गेली. त्या पैशातून लोकांनी धान्य आणि उरलेल्या जनावरांसाठी वैरण घेतली. केनियात 2010 पासून आणि बोरानांमध्ये 2012 पासून गुरांचा विमाही निघाला आहे. उपग्रहावरून रानाची हिरवळ मोजतात. ती ठराविक प्रमाणाखाली गेली की पैसे मिळतात, मेलेले जनावर दाखवावे लागत नाही. युक्ती चांगली आहे. तरी बाजारात वैरणच नसेल तर हातातल्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न राहतोच.

सौरपंपांचेही तसेच आहे. पंपाने माणसांची साखळी लागत नाही, हा मोठा आराम. विहिरीत माती ढासळून माणसे दगावण्याचे भय टळते. पण साखळीत उभे राहणे हेच पाण्यावरील हक्काचे मोल होते. पंप बिघडला तर वर्गणी कोणाची, आणि पावसाळ्यात तो बंद कोणी करायचा, हे पंप बसविण्यापूर्वी ठरले पाहिजे.

हा पाठ वर्गात घेताना फळ्यावर एक रान काढावे. मध्ये जुनी विहीर, एका बाजूस उन्हाळी गवत, दूर पावसाळी डबकी, आणि चार कळप. मग मुलांना विचारावे, नवी विहीर कोठे खणाल? बहुतेक मुले सर्वांत हिरव्या गवताच्या मधोमध बोट ठेवतात. ठेवू द्यावे. नंतर खडूने चारही कळप तेथे आणून बसवावेत आणि गवत पुसत जावे. फळा रिकामा झाला की विचारावे, या विहिरीच्या तोंडावर धोंड कोण ठेवणार होते?