टणकन की धप्पकन? गेममधल्या धडकेचे आवाज आणि आपला ध्वनीचा पाठ



घरात कुणी मोबाइलवर कॅरमचा गेम खेळत असेल तर दोन मिनिटं स्क्रीनकडे न बघता नुसतं ऐका. स्ट्रायकर सोंगटीला लागला की फ्रेमला, सोंगटी पॉकेटमध्ये गेली की परत आली, हे बहुतेक वेळा कळतं. खरं तर त्या काचेमागे ना लाकूड आहे, ना सोंगटी. कशावरही काही आदळलेलं नाही. कुणीतरी तो आवाज तयार केलाय आणि नेमक्या क्षणी वाजेल अशी सोय केलीय. आठवी-नववीच्या ध्वनीच्या पाठाला याच्याइतकी चांगली जोड मला दुसरी दिसत नाही.

पहिल्या तासाला संगणक लागत नाही, फळा पुरे. मुलांना विचारा: ताट पडलं की कसं वाजतं? ठणकन. धान्याची गोणी? धप्पकन. काच? खळ्ळकन. दार? धाडकन. आता उलटं विचारा, "गोणी खणकन पडली" असं कुणी म्हणेल का? वर्ग हसतो. पण हसण्यामागचं कारण शोधायला लावा. या अनुकरणवाचक शब्दांत वस्तू कशाची आहे, केवढी आहे आणि किती जोरात आदळली, ही तिन्ही माहिती दडलेली असते. गेमसाठी आवाज करणाऱ्यालाही नेमकी हीच तीन उत्तरं लागतात. धुळे-जळगावकडच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतातच. त्यांच्या घरचे शब्दही फळ्यावर येऊ द्या, "शुद्ध शब्द सांग" म्हणून अडवू नका.

मग विज्ञान. वस्तू आदळली की ती आपल्या नैसर्गिक वारंवारितेने कंप पावते. मोठ्या वस्तूचा आवाज साधारण खर्जातला, छोटीचा बारीक. कठीण वस्तूंची टक्कर क्षणात संपते, म्हणून तिच्यात उंच स्वर जास्त. मऊ वस्तू कंपनं गिळून टाकते, म्हणून आवाज लगेच मरतो. हे पाठ करून घेण्यापेक्षा स्टीलची ताटली दोऱ्याने टांगा आणि चमच्याने वाजवा. घणघण चालू राहील. मग तीच ताटली हाताने घट्ट धरून वाजवा: ठक्, संपलं. ताटली तीच, चमचा तोच. मटका घेताना आई टिचकी मारून का ऐकते, हे मुलं आता स्वतःच सांगतील. तडा गेलेलं मडकं खणखणत नाही.

धडकेच्या आवाजाची गेममधली गोष्ट जुनी आहे. अटारी कंपनीचा 'पाँग' 1972 साली आला. पांढरा ठिपका, दोन फळ्या, बस. अ‍ॅलन अल्कॉर्न या अभियंत्याकडे आवाजासाठी वेगळी सामग्री नव्हती. टीव्हीचं चित्र जुळवणाऱ्या सर्किटमध्येच जे स्वर तयार होत होते, त्यातले त्याने निवडले. फळीला लागल्यावर एक, भिंतीला लागल्यावर दुसरा, गुण गेला की तिसरा. त्या ठिपक्याला चेंडूपण आलं ते या टकटकीमुळे, असं माझं मत.

आता आवाज गोळा करणं. सिनेमात पडद्याकडे पाहत आवाज करण्याच्या कामाला जॅक फोली यांच्या नावावरून 'फोली' म्हणतात. हाड मोडल्याच्या आवाजासाठी तिकडे सेलरीची दांडी मोडतात. आपल्याकडे कपाशीच्या वाळलेल्या काड्या आहेत की! बांधावरून मूठभर आणा आणि माइकजवळ मोडा. चिखलात काही पडल्याचा आवाज हवा? भरताची भाजलेली वांगी लाकडी दांडक्याने ठेचताना रेकॉर्ड करा. केळीच्या खांबावर काठी मारून बघा, पाणी भरलेल्या त्या खांबाचा दबका आवाज राक्षसाच्या पोटात बसलेल्या गुद्द्याला शोभतो. मोबाइलचा रेकॉर्डर चालतो, काटछाट 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. पंखा मात्र बंद हवा. एप्रिलमध्ये जळगावात पंखा बंद करायला सांगणं म्हणजे शिक्षाच, तेव्हा हा प्रकल्प डिसेंबरात घ्या. वर्ग घुमत असेल तर खुर्च्यांवर दोन-तीन गोधड्या टाका.

शेवटचा टप्पा 'स्क्रॅच'. इथे मुलं हमखास अडकतात. चेंडू भिंतीला 'टचिंग' असेल तर आवाज वाजव, असं 'फॉरएव्हर'मध्ये लिहिलं की चेंडू टेकलेला असेपर्यंत सेकंदाला जवळपास तीस वेळा तोच आवाज पुन्हा सुरू होतो आणि कर्रर्र ऐकू येतं. लगेच उत्तर सांगू नका. धडक म्हणजे काय, स्पर्श सुरू होण्याचा क्षण की स्पर्शाचा सगळा काळ, यावर वाद होऊ द्या. उपाय एका ओळीचा आहे: आवाज वाजवल्यावर 'वेट अनटिल नॉट टचिंग'. मोठ्या गेममध्येही ठराविक वेगाखालच्या धडकांना गप्प ठेवतात, नाहीतर जमिनीवर नुसतं पडून असलेलं खोकंसुद्धा खडखडत राहील.

दुसरी अडचण कानाला कळते, पण सांगता येत नाही. दहा वेळा तंतोतंत एकच 'टक्' वाजलं की खोटं वाटतं. खरा दगड दोनदा सारखा वाजत नाही. म्हणून एकाच धडकेची चार-पाच रेकॉर्डिंग ठेवायची, त्यातलं कुठलंही एक निवडायचं आणि 'पिच इफेक्ट' उणे 20 ते 20 मध्ये थोडा हलवायचा. स्क्रॅचमध्ये 10 म्हणजे अर्धा स्वर. आवाजाची पातळी चेंडूच्या वेगाशी जोडली तर हळू टेकणं आणि जोरात आदळणं वेगळं ऐकू येतं. गुणाकार इथे कामाला येतो.

गुण कसे द्यायचे? माझी सूचना आहे: डोळे मिटून. एकाने खेळायचं, दुसऱ्याने डोळे मिटून सांगायचं, चेंडू कशाला लागला आणि जोरात की हळू. दहापैकी किती बरोबर, तेवढे गुण. वर्गात कमी दिसणारं मूल असेल तर परीक्षक त्यालाच करा. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालतात, त्याच्या खुळखुळाटावर फलंदाज बॅट फिरवतो. हा खेळ आवाजावर चालतो. तुमच्या वर्गाचा गेमही तसा चालला पाहिजे. जिथे तो परीक्षक चुकेल, तिथला आवाज गटाने पुन्हा करायचा.

पालकांसाठी गृहपाठ: रविवारी मुलासोबत स्वयंपाकघरात बसा. पोळपाट, खलबत्ता, डबे, परात. प्रत्येकावर एकाच चमच्याने टिचकी आणि प्रत्येक आवाजाला एक मराठी शब्द. एकच शब्द दोनदा वापरायचा नाही.