मीटर खूष, बँड मुका

सहा मीटरवर काहीच ऐकू येत नाही, असं मी वर्षभर सांगत फिरलो. माझ्या हॅम (हौशी) रेडिओ संचात हा ५० मेगाहर्ट्‌झचा बँड आयताच होता. गच्चीवर २.८५ मीटरचा आडवा डायपोल बांधला आणि घरात पडून असलेली तीस मीटर आरजी-५८ केबल रेडिओच्या खोलीपर्यंत ओढली. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून ताकद किती परतते त्याचं माप (१ म्हणजे उत्तम), आला १.६. पावसाळा सरल्यावर बघतो तर १.३! मी खूष. तिथेच शंका यायला हवी होती. हात न लावता अँटेना कधी सुधारते का?

तो २०२४चा ऑक्टोबर होता. सूर्य डागांच्या चक्राच्या कळसाला पोचलेला. ओळखीचे हॅम संध्याकाळी ५०.३१३वर एफटी८ या डिजिटल पद्धतीने विषुववृत्तापलीकडची स्टेशनं घेत होते आणि माझा स्क्रीन कोरा. खापर आधी बँडवर फोडलं, मग शेजाऱ्यांच्या एलईडी दिव्यांवर.

शेवटी एका जुन्या हॅम काकांनी विचारलं, "केबलचं वरचं टोक मोकळं सोडून खालून मोजलंस का रे?"

अँटेना सोडवली, खाली अ‍ॅनालायझर लावला. बिनतोट्याच्या केबलचं टोक उघडं असताना एसडब्ल्यूआर आभाळाला टेकायला हवा. दाखवला १.९. म्हणजे केबलच ५ डेसिबल गिळत होती. शंभर वॅटमधले तीसेक वर पोचायचे, परतणारी ताकदही वाटेतच मुरायची, म्हणून मीटरला सगळं आलबेल. कनेक्टर कापला तर आतली तांब्याची जाळी काळी ठिक्कर, चिमटीत भुगा व्हावी अशी. वरच्या पीएल-२५९वर मी नुसती वायरमनची टेप गुंडाळली होती.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगतो, वॅटच्या आधी केबलवर पैसे घाला. धडधाकट आरजी-५८सुद्धा तीस मीटरमध्ये निम्मी ताकद खाते. आरजी-२१३चा तोटा डेसिबलमध्ये त्याच्या निम्म्यावर येतो. सांध्यावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी टेप, आणि केबलला खाली झोळ द्या. पाणी तिथूनच ठिबकेल. एफटी८ला संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं. आपल्या परवान्यात या बँडवर काय मुभा आहे, तेही आधी वाचा.

आणि बँड मेला म्हणायची घाई नको. मे ते जुलैत साधारण १०० किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट पट्टे अचानक तयार होतात, हजार-दीड हजार किलोमीटरवरचं स्टेशन शेजारच्यासारखं वाजतं आणि चहा आणायला गेलात की गायब. मार्च-एप्रिल नि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी दक्षिणेकडे कान ठेवा.

मी आरजी-२१३ ओढली. मीटरने २ दाखवला, जुन्या केबलपेक्षा वाईट. पुढच्या मार्चात त्याच २वर पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया मिळाला. डायपोलची टोकं मी त्यानंतर कापली.