आधी पेच, मग डोंगर

अगं, असईची लढाई तू टेबलावर मांडणार आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. मिनिएचर वॉरगेमिंगमध्ये लोकांचं पहिलं प्रेम वॉटर्लू नाहीतर नॉर्मंडी असतं. जालना जिल्ह्यातलं आपलं रान मांडायला आपल्याच माणसांचे हात लागावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून फोम कापायला बसण्याआधी थोडं ऐक.

टेरेन करायला घेताना आधी पेच ठरव. या टेबलावर खेळणाऱ्याची पंचाईत नेमकी कुठे व्हायला हवी, ते कागदावर दोन ओळींत लिही. दिवाळीतला किल्ला आपण लोकांनी बघावा म्हणून करतो. टेरेनवर मात्र लोक हात घालतात, शिपाई सरकवतात, टेप लावून इंच मोजतात. जो डोंगर कुणाची चाल अडवत नाही, ज्याच्याआड कुणी लपत नाही, तो कितीही देखणा झाला तरी जागा खातो.

असईचा पेच तर इतिहासानेच आयता दिलाय. २३ सप्टेंबर १८०३. केळणा नदीच्या एका काठाला इंग्रज सेनापती वेलस्ली, पलीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन हा हॅनोव्हरचा सरदार. वाटाडे म्हणाले, जवळपास नदीला उतार नाही. पण वेलस्लीला पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या काठावरचं गाव दिसलं. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत तर माणसांची येजा असणार, म्हणजे उतार असणारच, हे त्याने ताडलं आणि तो केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला. पोलमननेही पलटणी झरझर वळवून नवी फळी उभी केली, वेलस्लीला वाटलं नव्हतं इतक्या सफाईने. म्हणजे तुझ्या टेबलाला तीन गोष्टी हव्यातच: समोरासमोरची दोन गावं, दोन नद्यांमधली चिंचोळी जमीन आणि जुईकाठचं मातीच्या तटाचं असई. बाकीचं वेळ उरला तर कर.

टेबल ६ बाय ४ फुटांचं पुरे. ५ फुटांपेक्षा रुंद केलंस तर मधल्या शिपायांपर्यंत हात पोचणार नाही, आणि वाकताना लोकांच्या बाह्या झाडं पाडतील. जमिनीसाठी एक्सपीएस फोम घे, थर्माकोलसारखे त्याचे दाणे उडत नाहीत. गरम तारेने कापणार असशील तर खिडक्या उघड्या ठेव, तो धूर वाईट असतो. उघड्या फोमवर स्प्रे कधी मारू नकोस, त्यातल्या द्रावकाने फोम विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात दे. शिपायांचं प्रायमर पावसाळ्यात ब्रशनेच लाव, दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो. आणि उंचवटे पायऱ्यापायऱ्यांचे कर. गुळगुळीत उतरणीवर धातूचे शिपाई घसरतात, मग प्रत्येक चालीला वाद.

रंगाकडे नीट लक्ष दे. बाजारातलं तयार टेरेन बहुतेक युरोपचं: हिरवंगार कुरण, उतरत्या छपरांची घरं. तुला काळी माती हवी आणि धाब्याची घरं हवीत. फेव्हिकॉलवर बारीक वाळू, त्यावर गडद तपकिरी, मग फिकट रंगाचा ड्राय ब्रश, एवढ्याने जमीन उठून दिसते. सप्टेंबर म्हणजे रानात पिकं उभी. काथ्याचं पायपुसणं चौकोनी कापलंस की ज्वारी-बाजरीची शेतं तयार. नदीचं पाणी निळं नको, गढूळ रंगव आणि वर चकचकीत व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात दे. उताराची जागा तुझ्या सर्वांत रुंद बेसपेक्षा बोटभर जास्त ठेव, नाहीतर इतिहासात पार झालेली पलटण तुझ्या टेबलावर अडकायची. असईला चार घरं खूप झाली. शिपाई १५ मिलिमीटरचे असले तरी जमिनीचं माप त्याहून कितीतरी लहान असतं, चार घरांत अख्खं गाव आलं असं धरायचं.

आता गेम चालवण्याचं. उताराची खूण टेबलावर उघड करू नकोस. जागा चिठ्ठीत लिहून स्वतःपाशी ठेव; गावं बघून ज्याला ताडता येईल त्याला ताडू दे. असईजवळ एक फासा ठेव. त्या दिवशी वेलस्लीच्या कर्नल ऑरॉकची तुकडी भरकटून गावाच्या अंगावर गेली आणि तिच्यामागून गेलेल्या ७४व्या पलटणीची तोफांपुढे दाणादाण उडाली. असा अपघात तुझ्याही गेममध्ये घडू शकायला हवा. आणि मराठ्यांची बाजू घेणाऱ्याला नुसता मार खायला बसवू नकोस. त्या दिवशी वेलस्लीच्या फौजेतले दीड हजारांहून जास्त लोक मेले नाहीतर जखमी झाले, त्यांतले पुष्कळ मराठ्यांच्या तोफांमुळे. त्या तोफांचा धाक नियमांत उतरला पाहिजे.

सहा जण खेळायला येणार असतील तर प्रत्येकाला चार-पाच पलटणी दे, त्याहून जास्त नको. नियमांचा एक पानी कागद प्रत्येकाच्या हाती असू दे, आणि दहा मिनिटांत समजावून पहिली चाल सुरू कर. फौजा इतक्या जवळ मांड की अर्ध्या तासात गोळी सुटेल. नियमावर वाद झाला तर पुस्तक चाळत बसू नकोस. फासा टाक, निकाल दे, पुढे चल. जो बराच वेळ गप्प आहे त्याला मुद्दाम विचार, तुझे घोडेस्वार काय करतात? यजमानीण म्हणून तुझं खरं काम तेच. आणि पाहुणे येण्याआधी एकदा तरी एका मैत्रिणीबरोबर सगळा डाव खेळून बघ, म्हणजे कुठे रेंगाळतो ते कळेल.

एक मात्र मनात धर. तिथे खरी माणसं मेली, दोन्हीकडची, आणि त्यांत आपल्या मुलखातली पुष्कळ होती. सुरुवातीला दोन मिनिटं त्यांच्याबद्दल बोल. खेळाची मजा त्याने कमी होत नाही, लोक उलट जबाबदारीने खेळतात.

डाव संपला की कोण जिंकलं याचा हिशेब लगेच मांडू नकोस. प्रत्येकाला विचार, तुझं कुठे अडलं? ज्या जागेचं नाव दोघा-तिघांच्या तोंडून येईल, ती तुझी उत्तम जमलेली जागा. जिचं नाव कुणीच घेणार नाही, ती पुढच्या वेळी खुशाल काढून टाक.