नदीची सीमा आणि पाण्याचा हक्क

उद्देश — नकाशावर नदी ही दोन प्रदेशांमधील सीमा म्हणून दिसते. परंतु तिच्या पाण्याची वाटणी त्या रेषेने होत नाही, ती कायद्याने व परस्परांच्या कराराने करावी लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

साहित्य — कोल्हापूर जिल्ह्याचा व भारताचा नकाशा. शाळेच्या आवारात खणलेला मातीचा उतरता पाट. दोन-तीन लाकडी फळ्या. दोन बादल्या पाणी.

प्रस्तावना — मुरगूड परिसरातील मुले वेदगंगेच्या काठी वाढतात. म्हणून पाठाचा आरंभ दूरच्या नदीने न करता वेदगंगेनेच करावा. 'हे पाणी कोठून येते? मुरगूडच्या पुढे ते कोठे जाते?' असे विचारून उत्तरे नकाशावर दाखवून घ्यावीत. भुदरगड तालुक्यातील पाटगाव धरणाचे पाणी घेऊन ही नदी मुरगूडला येते, पुढे कर्नाटकात निपाणीच्या परिसरात शिरते आणि भोज गावाजवळ दूधगंगेस मिळते. दूधगंगा पुढे कृष्णेस मिळते.

विवेचन — दूधगंगा काही ठिकाणी सीमेवरूनच वाहते. एका काठी शिरोळ तालुक्यातील दत्तवाड, तर पलीकडे कर्नाटकातील एकसंबा. 'अर्धे पाणी इकडचे व अर्धे तिकडचे, असे वेगळे करता येईल काय?' हा प्रश्न येथे विचारावा. पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाही, हे मुलांस ठाऊकच असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. या सीमेविषयी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमा माणसांनी बदलली. वेदगंगेची वाट मात्र तीच राहिली. याउलट, कधी नदीच आपली वाट बदलते. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरील रिओ ग्रांदे नदीचे पात्र एकोणिसाव्या शतकात सरकले आणि काही जमीन पलीकडच्या काठास गेली. तो तंटा १९६३ च्या तहाने मिटला. तात्पर्य, नदी ही सीमा ठरली, तरी वाद आपोआप मिटत नाहीत.

मग पाण्यावर हुकमत कोणाची? वरच्या अंगास धरण असेल, त्याच्या हाती पाण्याची किल्ली असते. म्हणूनच कायद्याची गरज. आपल्या संविधानात पाणी हा विषय राज्यांकडे आहे. परंतु अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन करण्याचा अधिकार संसदेस आहे. १९५६ च्या कायद्याने अशा तंट्यांसाठी लवाद नेमण्याची तरतूद झाली. न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी मिळाले. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण हा तर दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे.

कृती — वर्गाचे 'वरचे गाव' व 'खालचे गाव' असे दोन गट करावेत. वरच्या गटाने फळी लावून पाटाचे पाणी अडवावे; खालच्या गटाचा पाट कोरडा पडेल. कुरणी व बस्तवडे येथील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मुलांनी पाहिलेले असतात. फळी म्हणजे त्यांतील बरगा, हे सांगावे. नंतर एक बादली एकदम ओतून फळी काढावी. आता खालचे गाव बुडेल. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुरामुळे निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता, याची येथे आठवण द्यावी. शेवटी, फळी केव्हा लावावी, केव्हा काढावी व काढण्यापूर्वी खालच्या गावास कसे कळवावे, याचे नियम दोन्ही गटांनी एकत्र बसून करावेत व फळ्यावर लिहावेत. शिक्षकाने नियम आयते देऊ नयेत.

सूचना — सीमेपलीकडील लोकांविषयी मुलांच्या मनात दुजाभाव येणार नाही, याची शिक्षकाने दक्षता घ्यावी. दोन्ही काठांवर ऊस पिकतो, आणि उन्हाळ्यात दोन्ही काठ पाण्याचीच वाट पाहतात.

स्वाध्याय — (१) मुरगूडपासून कृष्णेपर्यंतचा पाण्याचा मार्ग नकाशात रंगवा. (२) उन्हाळ्यात आपल्या गावातील पाण्याच्या पाळ्या कोण व कशा ठरवितो, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाच ओळी लिहा. (३) आपले गाव कोणाच्या खाली व कोणाच्या वर आहे?